मार्क ट्वेन हे टोपणनाव नक्की आलं कुठून?

पाटीपेन्सिल

चिपळूणजवळच्या एका शाळेत मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. मार्क ट्वेनचा धडा आला की दरवर्षी एकच गोष्ट सांगत आलेय. त्याचं खरं नाव सॅम्युएल क्लेमेन्स, तरुणपणी तो मिसिसिपीवर आगबोटीचा पायलट होता, बोटीवरचा माणूस शिशाची दोरी टाकून पाणी मोजायचा आणि दोन फॅदम, म्हणजे बारा फूट भरलं की 'मार्क ट्वेन' असं ओरडायचा. मुलांना हे फार आवडतं. यंदा एका मुलीनं विचारलं, "बाई, पण ते नाव घ्यायचं त्याला सुचलं कसं?" मला उत्तर येईना. उद्या सांगते म्हणाले आणि घरी येऊन वाचायला बसले, तर उद्याचे पंधरा दिवस झाले.

हे नाव छापलेलं पहिल्यांदा सापडतं ते ३ फेब्रुवारी १८६३ रोजी, नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीच्या 'टेरिटोरियल एंटरप्राइज' या वृत्तपत्रात. याबद्दल दुमत नाही. पण ते आलं कुठून याच्या तीन कथा आहेत.

पहिली त्याची स्वतःची. आयझाया सेलर्स नावाचे एक वयोवृद्ध कप्तान न्यू ऑर्लीन्सच्या 'पिकायून'मध्ये नदीच्या बातम्या देत आणि खाली 'मार्क ट्वेन' अशी सही करत. ते वारले तेव्हा आपण नाव उचललं, असं ट्वेननं १८८३च्या मिसिसिपीवरच्या पुस्तकात लिहिलंय. दुसरी नेवाडातली: गुत्त्यात उधारीवर दोन पेले घेतले की तो मालकाला 'मार्क ट्वेन' सांगायचा, म्हणजे खडूच्या दोन रेघा मार. तिसरी अगदी अलीकडची. टेक्सासातले जुन्या पुस्तकांचे व्यापारी आणि ट्वेनचे अभ्यासक केव्हिन मॅकडॉनेल यांना २०१३ साली न्यूयॉर्कच्या 'व्हॅनिटी फेअर' या विनोदी साप्ताहिकाच्या २६ जानेवारी १८६१च्या अंकात एक प्रहसन सापडलं. (हे आताचं मासिक नव्हे, ते साप्ताहिक १८६३लाच बंद पडलं.) चार्ल्सटनचे दर्यावर्दी सभा भरवतात आणि होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते म्हणून होकायंत्रावरच बहिष्कार घालतात. दक्षिणेतलं साउथ कॅरोलिना राज्य तेव्हा नुकतंच अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघालं होतं. त्या सभेतल्या एका पात्राचं नाव मार्क ट्वेन.

मला तिसरी कथा पटते. पण पटल्यापासून जिवाला लागलंय. इतक्या लाडक्या लेखकानं स्वतःच्या नावाबद्दल आयुष्यभर खोटं सांगितलं असेल का? तुम्हाला काय वाटतं?

शब्दवेडा

उत्तम विषय, बाई. सेलर्सची कथा तथ्य म्हणून टिकत नाही हे खरंच आहे. सेलर्स वारले मार्च १८६४मध्ये, म्हणजे क्लेमेन्सनं नाव वापरायला लागून वर्ष उलटल्यावर. आणि 'पिकायून'चे जुने अंक अभ्यासकांनी चाळले, सेलर्सच्या बातम्याही सापडल्या, पण खाली ही सही कुठेच नाही.

तरी मी ती कथा सोडायला तयार नाही. मे १८५९मध्ये क्लेमेन्सनं याच सेलर्सची टर उडवणारा लेख 'सार्जंट फॅदम' या नावानं छापला होता. म्हातारा त्यानं फार दुखावला, असं क्लेमेन्स पुढे लिहितो आणि मनापासून पश्चात्ताप करतो. माझ्या मते नाव सेलर्सचं होतं असं म्हणणं हे त्याचं प्रायश्चित्त आहे.

पाटीपेन्सिल

शब्दवेडा, ज्यानं ते नाव कधी वापरलंच नाही त्याच्या माथी ते मारायचं, यात सन्मान कसला? सेलर्स हयात असते तर त्यांनी साफ नाही म्हटलं असतं.

मिसूरीकर

मी सेंट लुईसमध्ये राहतो. इथल्या बेलफाँटेन दफनभूमीत सेलर्सची समाधी आहे. एका रविवारी मुलीला घेऊन गेलो होतो. दगडात खुद्द कप्तान कोरलेत, सुकाणूच्या मोठ्या चाकाशी उभे. हे स्मारक त्यांनी मरणाआधी स्वतःच करवून घेतलं होतं, असं ट्वेननंच लिहिलंय. पंचवीसेक वर्षांच्या पोरानं थट्टा केली तो माणूस असा होता. तिथे उभं राहिल्यावर मला शब्दवेडांचं म्हणणं पटलं होतं. आज बाईंचं वाचून डळमळलोय.

खलाशी६२

मर्चंट नेव्हीत ३४ वर्षं काढली. साहित्यातलं मला कळत नाही, दोरीतलं कळतं, तेवढं सांगतो.

पाणी मोजायच्या दोरीला टोकाशी शिशाचं वजन. वजनाच्या बुडाला खळगा, त्यात चरबी भरायची. तळाला टेकलं की चरबीला वाळू, चिखल, शिंपल्याचा चुरा जे असेल ते चिकटून वर येतं. पाणी किती आणि तळ कसला, दोन्ही एकदम कळतं. दोरीवर ठरावीक अंतरावर खुणा बांधलेल्या. दोन फॅदमला चामड्याच्या दोन शेपट्या, तीनला तीन, पाचला पांढरं सुती कापड, सातला लाल, दहाला भोक पाडलेलं चामडं. कापड वेगवेगळं अशासाठी की काळोखात डोळ्यांनी दिसत नाही, बोटांना कळतं. आम्हाला शिकवताना डोळे बांधून दोर हातात द्यायचे.

आता मुद्दा. खूण असलेल्या आकड्याला 'मार्क' म्हणायचं. एक, चार, सहा यांना खूण नसते, त्यांना 'डीप' म्हणायचं. म्हणून मार्क टू, मार्क थ्री, पण डीप फोर. ही समुद्रावरची रीत, नदीवरही आरोळ्या त्याच वळणाच्या. 'मार्क ट्वेन'चा सरळ अर्थ 'खूण दोन'.

आणि फॅदम म्हणजे आपला वाव. दोन्ही हात पसरले की जेवढं भरतं तेवढं. आमचे आजोबा जाळ्याचा दोर मोजताना छातीपुढे हात फाकवत 'एक वाव, दोन वाव' म्हणत जायचे. मुलांना तसं करून दाखवा, लगेच कळेल.

अबोली

खलाशीकाका, फार सुंदर. एक शंका. दोन वाव म्हणजे 'पाणी पुरेसं आहे, चला' की 'पाणी संपत आलं, सांभाळा'? दोन्ही वाचलंय.

खलाशी६२

कुठून येताय त्यावर आहे, ताई. उथळातून खोल पाण्यात निघालात आणि दोनची हाक आली तर जीव भांड्यात पडतो. खोल पाण्यातून येताना चार, तीन, अडीच, सव्वादोन करत दोन आलं तर पोटात गोळा येतो.

त्याच्या मिसिसिपीच्या पुस्तकात हा प्रसंग आहे, तो मी बोटीवर असताना कितीदा वाचला असेल. त्याचा गुरू होरेस बिक्सबी. शिष्याला आपण फार हुशार झालो असं वाटायला लागलं, म्हणून त्यानं डाव रचला. जिथे पाण्याला बुडच नाही अशा ठिकाणी पोराला एकट्याला चाकावर ठेवलं आणि दोरीवाल्यांना खोट्या हाका मारायला शिकवून ठेवलं. डीप फोर, मार्क थ्री... करत 'मार्क ट्वेन' आल्यावर पोराचे हातपाय गळाले. त्याहून कमी पाण्याची हाक आली तेव्हा इंजिनवाल्याला बोटी मागे घे म्हणून गयावया करायला लागला. मागून सगळे हसले. बिक्सबीचं म्हणणं एवढंच होतं की इथे बूड नाही हे तुला माहीत होतं, मग दुसऱ्याच्या हाकेवर विश्वास का ठेवलास?

म्हणजे हे नाव त्यानं कुठूनही घेतलेलं असो, त्या हाकेनं तो स्वतः घाबरलेला होता. ते साप्ताहिक वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या कानात ती हाक तशी नव्हती.

गच्चीवरून

काका, +१००. ('बोटी' नव्हे 'बोट' मागे घे, घाईत एक वेलांटी जास्त पडली.)

गुत्त्याच्या कथेची बाजू कुणीच घेत नाही म्हणून मी घेतो. ती नेवाडातल्या लोकांनीच सांगितलीय, त्याला तिथे ओळखणाऱ्यांनी. माणूस मोठा झाल्यावर त्याला गुत्ता नकोसा वाटणार आणि कप्तान बरा वाटणार, हे स्वाभाविक नाही का?

शब्दवेडा

पण नेवाडातली साक्ष म्हणजे कोणाची? तिथली वृत्तपत्रं तेव्हा बनावट बातम्या खेळ म्हणून छापत. खुद्द क्लेमेन्सनं ऑक्टोबर १८६२मध्ये दगड झालेला माणूस सापडल्याची बातमी ठोकून दिली होती आणि इतर पत्रांनी ती खरी समजून उचलली. त्याच मंडळींनी पुढे त्याच्या नावाची गोष्ट सांगितली. मी त्यावर काही उभारणार नाही.

आकडेमोड

टोपणनावांचा विषय निघालाय तर माझ्या प्रांतातलं एक. क्लेमेन्सनं आधी बरीच नावं वापरली: रॅम्बलर, जॉश, थॉमस जेफरसन स्नॉडग्रास. १८६१मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या 'डेली क्रेसेंट'मध्ये क्विंटस कर्टियस स्नॉडग्रास या सहीनं दहा पत्रं छापून आली. आडनाव तेच, शहर ओळखीचं, बाज विनोदी. विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती ट्वेनचीच ठरवली.

१९६३मध्ये क्लॉड ब्रिनेगर यांनी वेगळीच वाट धरली. मजकुराचा अर्थ बाजूला ठेवला आणि शब्दांची लांबी मोजली: किती शब्द दोन अक्षरांचे, किती तीनचे. माणूस विषय बदलतो, नाव बदलतो, पण ही सवय त्याच्याही नकळत तशीच राहते. ट्वेनच्या आठ लेखांत तीन अक्षरी शब्द शंभरात साधारण २३ भरतात, स्नॉडग्रासच्या दहा पत्रांत २१. फरक छोटा दिसतो, पण दोन्हीकडचे आकडे आपापल्या जागी इतके घट्ट आहेत की तो योगायोग मानता येत नाही. पत्रं ट्वेनची नव्हेत. हीच आकडेवारी मी दरवर्षी वर्गात सोडवून घेतो. मुलं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं 'हा तो नव्हे' असं सिद्ध करतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. हे ब्रिनेगर पुढे अमेरिकेचे वाहतूकमंत्री झाले.

म्हणून बाईंना एक सावधगिरी सुचवतो. स्नॉडग्रासच्या वेळीही नाव जुळलं म्हणून माणूस जुळवला गेला होता. 'व्हॅनिटी फेअर'मध्ये नाव सापडलं, पण तो अंक क्लेमेन्सच्या हातात पडला याचा थेट पुरावा नाही. ती नदीवरची रोजची हाक होती. दोन माणसांना तिचं नाव करावंसं वाटू शकतं.

पाटीपेन्सिल

मान्य. पण त्या प्रहसनातल्या इतर पात्रांची नावंही दर्यावर्दी कोट्यांचीच आहेत, एक पाइन नॉट, दुसरा ली स्कपर. त्या पंक्तीत मार्क ट्वेन बसलाय. क्लेमेन्स त्या जानेवारीत बोटीवरच पायलट होता, विनोदी लिहायची उर्मी होती, आणि आर्टेमस वॉर्ड, ज्याच्याकडून तो मंचावर गंभीर चेहऱ्यानं बोलायची कला शिकला, तो त्याच साप्ताहिकात लिहायचा. इतकं जुळल्यावर मला योगायोग म्हणवत नाही.

मिसूरीकर

बाई, 'खोटं सांगितलं' या तुमच्या शब्दावर रात्रभर विचार करत होतो. १८६६मध्ये हवाई बेटांवर तो आजारी पडला होता. हाताशी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या कवितांचं पुस्तक होतं, ते त्यानं पुनःपुन्हा वाचलं. तीन वर्षांनी त्याचं पहिलं मोठं प्रवासवर्णन आलं. मग एका मित्रानं दाखवून दिलं की तुझी अर्पणपत्रिका जवळजवळ होम्सची आहे. हा हादरला. आपल्याला ती आपलीच वाटत होती! होम्सना माफीचं पत्र लिहिलं, त्यांनी मोठ्या मनानं उत्तर दिलं की आपण सगळेच वाचलेलं नकळत आपलं करून टाकतो. १८७९मध्ये होम्सच्या सत्कारात त्यानं ही गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली.

त्याची स्मरणशक्ती अशी होती. शब्द राहायचे, ते कुठून आले ते पुसलं जायचं. १८६१मध्ये एका अंकात नाव वाचलं, हसला, विसरला. दोन वर्षांनी नेवाडात सही करताना ते हातातून उतरलं. वीस वर्षांनी कुणी विचारलं तेव्हा मनानं शोध घेतला आणि जिथे अपराधाची बोच होती तिथे जाऊन थांबलं, सेलर्सपाशी. त्याला खोटं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

शब्दवेडा

वा, मिसूरीकर. माझं प्रायश्चित्त यात बसतं आणि बाईंचं साप्ताहिकही.

गच्चीवरून

उसनवारीची उलटी गोष्ट सांगू? त्याची उडी मारणाऱ्या बेडकाची गोष्ट नोव्हेंबर १८६५मध्ये न्यूयॉर्कला छापून आली आणि तो देशभर गाजला. पुढे एका प्राध्यापकानं सांगितलं की ही तर दोन हजार वर्षांपूर्वीची ग्रीक गोष्ट आहे, अथेन्सच्या माणसाची आणि बेडकाची. ट्वेननं त्यावर लेखही लिहिला, इतिहास स्वतःला पुन्हा घडवतो म्हणून चकित झाला. नंतर उलगडा झाला. आर्थर सिजविक यांनी विद्यार्थ्यांना ग्रीक लेखनाचा सराव म्हणून ट्वेनचीच गोष्ट प्राचीन ग्रीसमध्ये नेऊन ठेवली होती. प्रभाव शोधणाऱ्यानं कालक्रम आधी तपासावा!

अबोली

सगळं वाचतेय आणि एक गोष्ट मनात खुपतेय. दीडशे वर्षं लोक त्याच्या नावाचा उगम शोधतायत. त्याच्या आवाजाचा उगम?

१८७४च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या दोन गोष्टी आल्या. एक 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये, हॉटेलात भेटलेल्या एका बोलक्या काळ्या मुलाची, जिमीची. शेली फिशर फिशकिन यांनी १९९३मध्ये दाखवलं की हक फिनची, म्हणजे ट्वेनच्या गाजलेल्या कादंबरीत गोष्ट सांगणाऱ्या मुलाची, बोलायची ढब, वाक्यांची वळणं, न थांबता सांगत राहणं, हे या जिमीशी फार जुळतं. दुसरी 'अटलांटिक'मध्ये, एल्मायराजवळच्या क्वारी फार्मवर स्वयंपाक करणाऱ्या मेरी ॲन कॉर्ड यांची. गुलामांच्या लिलावात त्यांचा नवरा आणि सात मुलं वेगवेगळी विकली गेली. अमेरिकेच्या यादवी युद्धात धाकटा हेन्री परत भेटला. संध्याकाळी ओसरीच्या पायरीवर बसून त्यांनी हे सांगितलं. ट्वेननं शीर्षकाखालीच लिहिलं की ऐकलं तसं शब्दशः देतोय. पण गोष्टीत त्या 'आंट रेचल' झाल्या.

सहीला त्याचं नाव, आणि ज्यांचा आवाज होता त्यांचं बदललेलं. जिमीचं तर आडनावही कुणाला माहीत नव्हतं.

शब्दवेडा

अबोली, यात मी थोडा विरोध करतो. हक हा हॅनिबल या ट्वेनच्या लहानपणीच्या गावातल्या टॉम ब्लँकेनशिपवरून घेतला असं ट्वेननं आत्मचरित्रात स्वच्छ सांगितलंय. शिवाय दक्षिणेतल्या विनोदी लेखकांची गावरान बोलीत लिहायची परंपरा त्याच्या आधीची आहे. जॉर्ज वॉशिंग्टन हॅरिसच्या पुस्तकाचं परीक्षण त्यानं १८६७मध्ये लिहिलं होतं. आणि टॉम सॉयर-हक ही जोडी सर्व्हान्टिसच्या डॉन किहोते आणि सांचोची पोरं आहेत हे तर उघड आहे. एका मुलाच्या बोलण्यात सगळं हक फिन कोंबणं मला जड जातं.

अबोली

टॉम ब्लँकेनशिपकडून राहणी आली असेल, फाटके कपडे, मोकळेपणा. मी बोलण्याबद्दल म्हणतेय. आणि नावाबद्दल तो म्हणतो ते मानायचं नाही, पण हकबद्दल तो म्हणतो ते मानायचं, हे कसं?

शब्दवेडा

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. विचार करतो.

मिसूरीकर

लहानपणी ट्वेन उन्हाळ्यात मावशीचे यजमान जॉन क्वार्ल्स यांच्या शेतावर जायचा. तिथे डॅनियल नावाचे गुलाम होते, सगळी मुलं त्यांना 'अंकल डॅनल' म्हणत. रात्री चुलीपुढे ते गोष्टी सांगायचे. कथा कशी सांगावी हे तिथून, आणि 'हक फिन' कादंबरीतला गुलाम जिमही तिथून, असं ट्वेननंच म्हटलंय. अबोलीताईंच्या बाजूनं हे नोंदवून ठेवतो.

गच्चीवरून

या वळणावर मुंबई आठवली. जानेवारी १८९६मध्ये तो मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरला होता. काळा घोड्याला ते लोखंडी सांगाड्याचं घर अजून आहे, एस्प्लनेड मॅन्शन. माझं ऑफिस तिथून चार पावलांवर, रोज त्याच्या अंगावरून जातो. तिथे एका युरोपियन माणसानं हॉटेलच्या नोकराला थोबाडीत मारली आणि नोकर गप्प राहिला. ते पाहून ट्वेनला पन्नास वर्षांपूर्वीचं मिसूरी आठवलं, क्षुल्लक चुकीसाठी मालकानं मारून टाकलेला एक गुलाम. क्षणात इकडचा तिकडे गेलो, असं त्यानं प्रवासवर्णनात लिहिलंय. आणि मुंबईतच ठेवलेल्या एका नोकराला त्यानं 'सैतान' असं नाव देऊन टाकलं, प्रेमानंच, पण देऊन टाकलं. त्या माणसाचं खरं नाव वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

पाटीपेन्सिल

धागा काढला तेव्हा मला एका ओळीचं उत्तर हवं होतं. आज वर्गात गेले आणि त्या मुलीला जे आहे ते सांगितलं: नाव ३ फेब्रुवारी १८६३ला छापलं गेलं, मला वाटतं ते त्यानं एका साप्ताहिकात वाचून विसरलं होतं, पण ते सिद्ध झालेलं नाही आणि तो स्वतः वेगळं सांगत होता. होम्सची गोष्टही सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे त्यालापण नीट माहीत नव्हतं." मी हो म्हटलं. मग फळ्यावर मेरी ॲन कॉर्ड हे नाव लिहिलं आणि पायरीवरची गोष्ट सांगितली. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

खलाशीकाका, एक विनंती. तुमच्यासारखी खुणांची दोरी मुलांच्या हातात द्यायचीय. शाळेच्या विहिरीला सध्या बरं पाणी आहे. दोर किती लांबीचा आणू?

खलाशी६२

दोन वाव म्हणजे बारा फूट, पावणेचार मीटरला थोडं कमी. पण तीनची खूणही बांधायला हवी, नाहीतर दोनची किंमत कळणार नाही. दहा मीटर आणा, सुती. चामड्याच्या पट्ट्या आणि शिसं मी घेऊन येतो, पुढच्या शनिवारी रत्नागिरीहून निघेन. विहिरीच्या काठाला कठडा आहे ना, ते आधी कळवा.

पाटीपेन्सिल

आहे काका, कमरेइतका. शनिवारी साडेआठला शाळा भरते.